खटला जिंकला, बाजार तिथेच राहिला

२००६ च्या जूनमधली गोष्ट. ब्रिटनमध्ये 'फाउंडेम' नावाची एक नवी वेबसाइट सुरू झाली होती. एखादी वस्तू कोणत्या विक्रेत्याकडे किती किमतीला मिळते, याची तुलना करून देणं एवढंच तिचं काम. सुरुवात बरी झाली आणि मग अचानक ती गूगलच्या निकालांत दिसेनाशी झाली. दुसऱ्या सर्च इंजिनांवर ती नेहमीच्या जागी होती, गूगलवर मात्र कुठेतरी तळाशी गाडलेली. चालवणाऱ्यांना आधी वाटलं, काहीतरी तांत्रिक चूक असेल, कळवलं की दुरुस्त होईल. तसं काही झालं नाही. २००९ मध्ये त्यांनी युरोपीय आयोगाकडे, म्हणजे युरोपीय संघात स्पर्धेचे नियम राबवणाऱ्या संस्थेकडे, तक्रार केली.

पुढच्या तारखा नुसत्या वाचत जा. २०१० मध्ये आयोगाने औपचारिक चौकशी सुरू केली. मधली काही वर्षं 'कंपनीच स्वतःहून काही बदल करेल का' या वाटाघाटींत गेली. २०१६ मध्ये फाउंडेम बंद पडली. २०१७ मध्ये आयोगाने निकाल दिला: गूगलने स्वतःची तुलना-सेवा वर ठेवली आणि इतरांच्या खाली ढकलल्या, म्हणून २४२ कोटी युरो दंड. गूगल अपिलात गेलं, २०२१ मध्ये हरलं, पुन्हा अपिलात गेलं आणि १० सप्टेंबर २०२४ रोजी युरोपच्या सर्वोच्च न्यायालयात शेवटचं हरलं. तक्रारीपासून पंधरा वर्षं. बैल गेला नि झोपा केला म्हणतात ते हेच.

डिजिटल बाजारातल्या स्पर्धा कायद्याचं दुखणं म्हणजे ही दिरंगाई, असं बहुतेकांना वाटतं. ते खरं आहेच. पण माझ्या मते खरी गोम पुढे आहे. खटला जिंकणं आणि बाजार मोकळा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कायद्याची सगळी ताकद पहिल्या गोष्टीतच खर्ची पडते.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. जवळपास सगळ्या देशांत स्पर्धा कायद्याची तीन कामं असतात. कंपन्यांनी आपापसांत संगनमत करून किमती ठरवू नयेत. ज्याच्या हाती बाजार आहे त्याने त्या ताकदीचा गैरवापर करू नये. आणि दोन कंपन्या एक होत असतील तर त्यातून स्पर्धा मरते का, हे आधी तपासावं. अमेरिकेचा शर्मन कायदा १८९० चा, म्हणजे रेल्वे आणि तेलाच्या जमान्यातला. भारताचा स्पर्धा कायदा २००२ चा. कुठल्याच कायद्यात मोठं असणं हा गुन्हा नाही, आणि तो नसावाच. चांगली वस्तू बनवून कोणी मोठा झाला तर त्याला शिक्षा कशासाठी? दोष तेव्हाच, जेव्हा मोठेपणा वापरून दुसऱ्याला मैदानातच येऊ दिलं जात नाही.

ऐकायला सोपं. पण कोणी 'प्रबळ' आहे असं म्हणायचं तर 'कोणत्या बाजारात' हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी तज्ज्ञांची एक जुनी कसोटी आहे. समजा, एखादी वस्तू विकणारा एकच विक्रेता आहे आणि त्याने किंमत पाच ते दहा टक्के वाढवली. गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं तर ती 'दुसरी' वस्तूही त्याच बाजारात धरायची. गिऱ्हाईक हललंच नाही तर बाजार तिथे संपला. सिमेंट, पोलाद, विमानाची तिकिटं यांना ही कसोटी बऱ्यापैकी लागू पडते.

आता ती सर्च इंजिनला लावून पाहा. किंमत शून्य. शून्याचे पाच टक्के शून्यच. म्हणजे कसोटी पहिल्याच पायरीवर ढासळते. मग कोणी म्हणतं, किमतीऐवजी दर्जा मोजा: सेवेचा दर्जा थोडा घसरला, जाहिराती वाढल्या, खासगी माहिती जास्त ओरबाडली, तर लोक सोडून जातील का? प्रश्न रास्त आहे. पण खासगीपणात पाच टक्के घट म्हणजे नेमकं किती, हे न्यायालयासमोर आकड्यांत मांडून दाखवा बघू.

आणि बाजाराची रेघ आखता आली, तरी ती जागेवर राहत नाही. अमेरिकेत स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२० मध्ये फेसबुकवर, म्हणजे आजच्या मेटावर, खटला भरला. मांडणी अशी होती की मित्र आणि नातलगांशी जोडून ठेवणारी सोशल नेटवर्क हा एक वेगळा बाजार आहे, आणि इन्स्टाग्राम व व्हॉट्सअॅप विकत घेऊन कंपनीने त्यात मक्तेदारी टिकवली. टिकटॉक त्या बाजारात धरलेलं नव्हतं. निकाल आला नोव्हेंबर २०२५ मध्ये, तोपर्यंत लोकांचं वागणंच बदललं होतं. फेसबुकवरच्या वेळेपैकी जेमतेम १७ टक्के आणि इन्स्टाग्रामवर ७ टक्के वेळ मित्रांच्या पोस्ट पाहण्यात जातो, बाकीचा अनोळखी लोकांचे व्हिडिओ बघण्यात, हे न्यायालयापुढे आलं. न्यायाधीशांनी टिकटॉक आणि यूट्यूबही त्याच बाजारात आहेत असं मानलं आणि कमिशन हरलं. निकाल बरोबर की चूक यावर वाद घालता येईल. मात्र खटला चालू असताना ज्या बाजारावर तो उभा आहे तो बाजारच पायाखालून सरकतो, ही अडचण सिमेंटच्या खटल्यात येत नाही.

त्यात भर नेटवर्क इफेक्टची. ज्या मेसेजिंग अॅपवर आपली सगळी माणसं आहेत, तिथेच आपण जाणार. दुसरं अॅप कितीही चांगलं असो, तिथे बोलायला कोणी नसेल तर त्याचा उपयोग काय? त्यामुळे असे बाजार हळूहळू झुकत नाहीत, एका टप्प्यानंतर ते एकदम कलंडतात. कलंडलेला बाजार पुन्हा सरळ करणं ही फार दुर्मीळ घटना आहे. म्हणूनच कायदा उशिरा पोचण्याची किंमत इथे इतकी मोठी असते.

मग कंपन्या लहान असतानाच का नाही लक्ष ठेवत? ठेवलं जात होतं, पण चुकीच्या काट्यावर. विलीनीकरणाची परवानगी घ्यायची की नाही, हे बहुतेक देशांत उलाढालीवरून ठरायचं. २०१२ मध्ये फेसबुकने इन्स्टाग्राम घ्यायचं ठरवलं, तेव्हा इन्स्टाग्राममध्ये १३ माणसं काम करत होती आणि कमाई शून्य. जाहीर झालेली किंमत होती १०० कोटी डॉलर. दोन वर्षांनी व्हॉट्सअॅपसाठी १,९०० कोटी डॉलरचा सौदा ठरला, आणि तिथेही उलाढाल नगण्य होती. ज्या कंपनीची कमाई नाही तिच्यासाठी कोणी एवढे पैसे मोजत असेल, तर तो नेमकं काय विकत घेतोय, हा प्रश्न त्या काट्यावर पडतच नव्हता. युरोपीय आयोगाने व्हॉट्सअॅपचा सौदा तपासून मंजूर केला. तेव्हा कंपनीने सांगितलं होतं की फेसबुक आणि व्हॉट्सअॅपची खाती आपोआप जोडणं भरवशाने जमणार नाही. २०१६ मध्ये ती जोडायला सुरुवात झाली. चुकीची माहिती दिल्याबद्दल २०१७ मध्ये ११ कोटी युरो दंड झाला, सौदा मात्र कायम राहिला.

या बाबतीत सुधारणा त्या मानाने लवकर झाली. जर्मनी आणि ऑस्ट्रियाने २०१७ मध्ये उलाढालीबरोबर सौद्याची किंमतही पाहायला सुरुवात केली. भारतानेही १० सप्टेंबर २०२४ पासून २,००० कोटी रुपयांपेक्षा मोठ्या सौद्यांना, विकल्या जाणाऱ्या कंपनीचा भारतात पुरेसा पसारा असेल तर, भारताच्या स्पर्धा आयोगाची परवानगी सक्तीची केली. काटा बदलला, हे चांगलंच. तरी पुढचं भाकीत करणं उरतंच: ही छोटी कंपनी उद्या मोठी प्रतिस्पर्धी झाली असती का? न घडलेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणायचा?

आता ज्या भागाबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं, तिकडे वळू. समजा, कंपनी दोषी ठरली. पुढे काय?

दंड, हे पहिलं उत्तर. २०१७ ते २०१९ या काळात युरोपने गूगलला तीन मोठे दंड ठोठावले. त्यांची बेरीज ८२५ कोटी युरो. पुढे अपिलात एक कमी झाला आणि एक पूर्ण रद्द झाला, ते सोडून देऊ. आता हा दुसरा आकडा पाहा. फोनवर आणि ब्राउझरमध्ये आपलंच सर्च इंजिन आधीपासून निवडलेलं असावं, म्हणून गूगलने २०२१ या एका वर्षात अॅपल आणि इतरांना मिळून २,६३० कोटी डॉलर दिले. अमेरिकेत गूगलवर चाललेल्या खटल्यात हा आकडा उघड झाला. ज्या जागेसाठी कंपनी दरसाल एवढं मोजायला तयार आहे, तिथे काही वर्षांतून एकदा येणारा दंड म्हणजे धंद्याचा खर्च.

दुसरं उत्तर म्हणजे आदेश: अमुक करा, तमुक बंद करा. इथे कायदा आणि इंजिनिअर समोरासमोर येतात, आणि बहुतेक वेळा इंजिनिअर जिंकतो.

मायक्रोसॉफ्टचं उदाहरण घ्या. विंडोजमध्ये स्वतःचाच ब्राउझर घुसवल्याबद्दल युरोपशी २००९ च्या अखेरीस तडजोड झाली. ठरलं असं की वापरणाऱ्याला एक पडदा दिसेल, त्यावर वेगवेगळे ब्राउझर असतील, हवा तो निवडायचा. २०११ मध्ये विंडोज ७ चं एक अपडेट आलं आणि मे २०११ ते जुलै २०१२ या काळात हा पडदा दीड कोटी लोकांना दिसलाच नाही. कंपनीने तांत्रिक चूक झाल्याचं मान्य केलं. मार्च २०१३ मध्ये ५६.१ कोटी युरो दंड झाला. पण मला यात सगळ्यात बोलका वाटतो तो चौदा महिन्यांचा काळ. एवढे दिवस पडदा गायब आहे हे आयोगाच्या ध्यानातच आलं नाही, कारण पालन होतंय की नाही हे सांगण्याचं काम कंपनीवरच सोपवलेलं होतं. म्हणजे परीक्षा देणाऱ्यानेच पेपर तपासायचा.

दुसरं उदाहरण आणखी बारकाईने पाहण्यासारखं आहे. अॅप स्टोअरमधून विकल्या जाणाऱ्या डिजिटल वस्तूंवर अॅपल ३० टक्क्यांपर्यंत कमिशन घेतं. एपिक गेम्स या कंपनीने त्याविरुद्ध दावा केला. २०२१ मध्ये अमेरिकी न्यायालयाने बहुतेक मुद्द्यांवर अॅपलच्या बाजूने कौल दिला, पण एक आदेश दिला: अॅपमध्ये बाहेरच्या वेबसाइटची लिंक देण्यापासून बनवणाऱ्यांना रोखायचं नाही. अपिलं संपली आणि जानेवारी २०२४ मध्ये अॅपलने लिंकला परवानगी दिली. आदेशाचं पालन झालं ना? आता बारीक अक्षरातली अट वाचा. लिंकवरून बाहेर जाऊन केलेल्या खरेदीवरही २७ टक्के कमिशन. बाहेर पैसे घ्यायचे तर कार्ड-पेमेंटचा स्वतःचा खर्च असतोच, तो साधारण तीन टक्के धरा. सत्तावीस अधिक तीन, झाले तीस. गणित जिथल्या तिथे. वर लिंक दाबली की आधी स्क्रीनभर इशारा, की तुम्ही अॅपलच्या बाहेर चालला आहात, पुढची जबाबदारी आमची नाही. हा इशारा अधिक भीतीदायक कसा करता येईल, यावर कंपनीत झालेली चर्चा पुढे न्यायालयात आली. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायाधीशांनी कंपनीला न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरलं. एका लिंकसाठी जवळपास पावणेचार वर्षं.

नेदरलँड्समध्ये असाच प्रकार डेटिंग अॅप्सच्या बाबतीत झाला. तिथल्या नियामकाने २०२२ च्या सुरुवातीला अॅपलवर दर आठवड्याला ५० लाख युरो दंड बसवला, कमाल मर्यादा ५ कोटी. दहा आठवडे दंड चढत राहिला आणि मर्यादा गाठली गेली. बाहेरून पैसे घेण्याची मुभा मिळाली, कमिशन किती? २७ टक्के.

यात कंपन्यांना खलनायक ठरवण्यात मला फारसा रस नाही. ज्याच्या हाती यंत्र आहे तो आदेशातली प्रत्येक फट शोधणार, त्याच्या वकिलांना पगार त्याचाच मिळतो. प्रश्न आहे तो पलीकडच्या बाजूचा. निकालांचा क्रम ठरवणारं अल्गोरिदम दिवसातून कितीदा बदलतं, कोणता बदल सुधारणा आणि कोणता खोडी, हे बाहेरून कळायचं कसं? त्यासाठी नियामकाकडे वकिलांबरोबर डेटा वाचणारी, कोड समजणारी माणसं हवीत. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने यासाठी वेगळा विभागच उभा केला. बहुतेक देशांत मात्र अशी माणसं मोजकी, आणि जी तयार होतात त्यांना चांगल्या पगारावर नेणारं गिऱ्हाईक कोण, हे सांगायला नको.

या सगळ्याला कंटाळून युरोपने खेळच बदलायचं ठरवलं. डिजिटल मार्केट्स अॅक्ट हा त्यातून आलेला कायदा. जुना कायदा म्हणतो: आधी बाजार आखा, मग वर्चस्व दाखवा, मग गैरवापर आणि त्याचं नुकसान सिद्ध करा. नवा कायदा म्हणतो: आकडे मोजा. युरोपात महिन्याला साडेचार कोटी वापरणारे, वर्षाला दहा हजार व्यावसायिक ग्राहक, आणि ७५० कोटी युरोची युरोपीय उलाढाल किंवा ७,५०० कोटींचं बाजारमूल्य असेल, तर तुम्ही 'गेटकीपर', म्हणजे दारावरचे मालक. मग करायच्या आणि न करायच्या गोष्टींची यादी तुम्हाला थेट लागू. स्वतःची सेवा निकालांत वर ठेवायची नाही. एका सेवेतली माहिती परवानगीशिवाय दुसरीत मिसळायची नाही. मेसेजिंग अॅपने दुसऱ्या मेसेजिंग सेवेशी जोडणीची सोय द्यायची. पुराव्याचं ओझं फिरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये अल्फाबेट (गूगलची मालक कंपनी), अॅमेझॉन, अॅपल, बाइटडान्स (टिकटॉकवाली), मेटा आणि मायक्रोसॉफ्ट या सहा कंपन्यांच्या २२ सेवा यादीत आल्या, आणि ७ मार्च २०२४ पासून पालन सुरू झालं.

मग सुटला का प्रश्न? थोडासा. आणि काही नवे जन्माला आले. युरोपात गूगलवर एखादी जागा शोधली की निकालांत जो नकाशा दिसतो, त्यावर टिचकी मारून थेट गूगल मॅप्समध्ये जाण्याची सोय निघून गेली, कारण ती स्वतःच्या सेवेला दिलेली पसंती ठरू शकत होती. नकाशावाल्या प्रतिस्पर्ध्याला न्याय मिळाला असेल. पत्ता शोधणाऱ्या माणसाला मात्र एक पायरी वाढली आणि त्याने बोटं मोडली ती कायद्याच्या नावाने. अॅपलने २०२४ मध्ये आपल्या काही नव्या सोयी युरोपात आणणं लांबवलं आणि कारण म्हणून याच कायद्याकडे बोट दाखवलं. ही खरी अडचण होती की दबावाचं राजकारण, हे बाहेरच्याला ठरवणं कठीण. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. एप्रिल २०२५ मध्ये या कायद्याखालचे पहिले दंड झाले, अॅपलला ५० कोटी आणि मेटाला २० कोटी युरो. दोघीही न्यायालयात गेल्या. म्हणजे अपिलाचं चक्र याही कायद्याला चुकलेलं नाही.

जर्मनी, ब्रिटन, जपान यांनी आपापल्या पद्धतीने असाच रस्ता धरला. भारतात मार्च २०२४ मध्ये एका समितीने डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मांडला, तेव्हा वादाला तोंड फुटलं: काही स्टार्टअप्स बाजूने, काही विरोधात. विरोध करणाऱ्यांची भीती अगदीच पोकळ नव्हती. आकड्यांची रेघ खाली आखली तर उद्या वाढू पाहणारी देशी कंपनीही त्याच जाळ्यात येते. वर आखली तर दोन-तीन परदेशी कंपन्यांसाठीच कायदा केल्याचा आरोप होतो, आणि तो आरोप हल्ली महाग पडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपने जाहिरात-तंत्राच्या, म्हणजे ऑनलाइन जाहिरातींच्या खरेदी-विक्रीच्या यंत्रणेच्या, प्रकरणात गूगलला २९५ कोटी युरो दंड केला, तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी उत्तर दिलं ते आयातशुल्काच्या धमकीने. स्पर्धेच्या खटल्यात आता व्यापार करारही येऊन बसतो.

उरलं तिसरं उत्तर: कंपनी तोडा. १९११ मध्ये स्टँडर्ड ऑइलचे ३४ तुकडे झाले होते. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टचे दोन करण्याचा आदेश निघाला आणि पुढच्याच वर्षी अपिलात तो रद्द झाला. तेलाच्या विहिरी वेगळ्या करता येतात. एकाच डेटावर, एकाच कोडवर उभ्या असलेल्या सेवांची वाटणी कुठे करायची, हे सांगणं अवघड आहे.

अमेरिकेत गूगलच्या सर्च खटल्यात हाच प्रश्न न्यायाधीश अमित मेहता यांच्यापुढे आला. खटला भरला गेला ऑक्टोबर २०२० मध्ये. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी गूगल बेकायदा मक्तेदार असल्याचं ठरवलं. सरकारने मागणी केली की क्रोम ब्राउझर विकायला लावा. उपायांचा निकाल आला २ सप्टेंबर २०२५ रोजी. क्रोम वाचलं. डीफॉल्टसाठी, म्हणजे आपलंच सर्च इंजिन आधीपासून निवडलेलं असावं म्हणून, पैसे देण्यावरही सरसकट बंदी आली नाही, फक्त दुसऱ्याला दार बंद करणारे करार करता येणार नाहीत आणि पात्र प्रतिस्पर्ध्यांना शोधाचा काही डेटा द्यावा लागेल. निकालात न्यायाधीशांनी मोकळेपणाने लिहिलं आहे की एरवी न्यायालय घडून गेलेल्या गोष्टींवर निवाडा करतं, इथे मात्र त्याला भविष्य पाहायला सांगितलं जातंय, आणि ते काही न्यायाधीशाचं बलस्थान नव्हे.

त्यांनी हे लिहिलं त्यालाही कारण होतं. खटला दाखल झाला तेव्हा चॅटजीपीटी जन्मालाच आलं नव्हतं. उपायांची सुनावणी झाली तोवर लोक प्रश्न घेऊन सर्च इंजिनऐवजी चॅटबॉटकडे वळू लागले होते, आणि त्या सुनावणीत एआय कंपन्यांची माणसं साक्ष देत होती. म्हणून निकालात गूगलच्या जेमिनी या चॅटबॉट अॅपचंही नाव आहे: सर्चसाठी जसे दार बंद करणारे करार झाले, तसे यासाठी करायचे नाहीत. जिथे बाजार अजून कलंडलेला नाही तिथे न्यायालयाने निदान एक पाचर मारून ठेवली आहे. तिची मुदत सहा वर्षांची आहे.